पेशंटकडे बघताना सिस्टरला नेमकं काय दिसतं?

सुरंगी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. ३४ वर्षं नोकरी करून मी मागच्या वर्षी अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले. बहुतेक वर्षं सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. एक गोष्ट मनात घोळतेय, म्हणून हा धागा काढतेय.

जुलै महिना, लावणीचे दिवस. चाळिशीतला एक शेतकरी दुपारी दाखल झाला होता. तीन दिवस ताप, अंगदुखी. संध्याकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा चार्टवर सगळं जागच्या जागी. ताप ९९, नाडी ९६, बीपी ११०/७०. हँडओव्हर देणारी म्हणाली, "सात नंबर बरा आहे, उद्या सुटेल."

त्याची चादर सारखी करताना माझा हात पोटरीला लागला आणि माणूस कळवळला. तोंडाकडे बघितलं तर डोळे लालभडक, पण चिपाड नाही, पाणी गळत नाही. म्हणाला, "बाय, पाणी पितंय तरी तोंड सुकता." खाटेखालचं युरिन पॉट कोरडं ठणठणीत. बायकोला विचारलं, लघवीला कधी गेले होते? सकाळी घरातून निघताना. म्हणजे १० तास होऊन गेले. ओटीपोटावर हात ठेवून पाहिला, मऊ होतं. लघवी तुंबली नव्हती, होतच नव्हती. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, १० तासांत ३००. इथे काहीच नाही.

मग त्यांच्या पिशवीतला जुना केसपेपर काढायला लावला. सहा महिन्यांपूर्वी बीपी १५०/९० होतं आणि गोळी कधी सुरू केलेली नव्हती. चार्टवर सुंदर दिसणारं ११०/७० या माणसासाठी खाली घसरलेलं बीपी होतं.

डॉक्टरांना फोन केला. ते आले, रक्त घेतलं, रिपोर्टची वाट न बघता लेप्टोचे (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) उपचार सुरू केले. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. रात्रीच १०८ बोलावून मोठ्या रुग्णालयात पाठवला. माणूस वाचला, दोन आठवड्यांनी घरी आला.

तेव्हापासून वॉर्डात सगळे म्हणायचे, "सिस्टरना अनुभवानं कळतं." कौतुकानंच म्हणायचे, पण मला ते कधी पटलं नाही. मला काही आपोआप कळलं नव्हतं. मी हात लावला, विचारलं, खाटेखाली वाकून बघितलं, आजचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहिला. याला नुसतं "कळतं" म्हटलं की दोन तोटे होतात. नवीन मुलीला वाटतं, हे आपल्याला वीस वर्षांनी आपोआप येईल. आणि डॉक्टरांना वाटतं, सिस्टरला नुसतं वाटतंय, बघू सकाळी.

तर तुम्ही सांगा. नर्सिंगमधले, डॉक्टर, घरी कुणाचं तरी करणारे, सगळेच. तुम्हाला काय दिसलं, आणि ते तुम्ही सांगितलंत का?

खाडीकाठ (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन मला दोन वर्षं झाली. चिपळूणकडच्या एका खासगी हॉस्पिटलात आहे. मला दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही. कुणाशी बोलले नव्हते, इथे लिहिते.

रात्रपाळी, २८ पेशंट आणि मी एकटी, मदतीला एक मावशी. सत्तरीचे एक आजोबा न्यूमोनियासाठी दाखल होते. रात्री दहाला माझ्याशी नातवाबद्दल बोलले. एक वाजता इंजेक्शन द्यायला गेले तेव्हा उठून बसले होते, दोन्ही हात गादीवर टेकलेले. विचारलं, "आजोबा, झोप नाही येत?" त्यांनी नुसती मान हलवली. मला चुकल्यासारखं वाटलं. पण बोटाला लावलेलं मशीन ९३ दाखवत होतं. चार्टवर मी श्वासाच्या रकान्यात २० लिहिलं. वरपर्यंत सगळ्यांनी २० च लिहिलं होतं.

मी श्वास मोजलाच नव्हता. सकाळी सहाला त्यांना आयसीयूत न्यावं लागलं. नंतर ते सावरले, पण ती बसण्याची पद्धत माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सुरंगी (मंगळवार, सकाळी ७.०५)

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. २८ पेशंटना एक सिस्टर, ही चूक तुझी नाही. पण श्वासाचं तुला सांगते, कारण ही खोड महाराष्ट्रभर आहे. नाडी मोजतात, बीपी घेतात, ताप बघतात, आणि श्वासाच्या रकान्यात १८ नाहीतर २० टाकून मोकळे होतात. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो. बीपी शेवटपर्यंत तग धरतं.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं काढायची नाहीत. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चाललीय. तेवढ्यात छाती बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. आपण मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. १५ सेकंद मोजून चारने गुणू नकोस, म्हाताऱ्या माणसाचा श्वास एका लयीत नसतो. इंग्लंडमध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारा जो तक्ता वापरतात, त्यात मोठ्या माणसाचा श्वास २५ किंवा वर गेला की त्या एकाच गोष्टीला सगळ्यात जास्त, ३ गुण देतात.

ऑक्सिजन ९३ दिसतो कारण माणूस धापा टाकून तो ९३ वर धरून ठेवतोय. दमला की एकदम कोसळतो. तू बघितलेले टेकलेले हात म्हणजे तीच मेहनत. आणि दहाला नातवाबद्दल बोलणारा माणूस एकला मान हलवतो, यात सगळं आलं. एका दमात वाक्य पूर्ण होतं का, एवढं बघायचं. मी वाडीतल्या घरांची नावं ओळीनं सांगायला लावायचे. तिसऱ्या घराला थांबून श्वास घेतला की माझा हात फोनकडे.

दाभोळ बंदर (मंगळवार, दुपारी २.३०)

मी डॉक्टर आहे, छोटं हॉस्पिटल चालवतो. सुरंगीताईंचं बरंचसं मान्य, पण दुसरी बाजूही मांडतो.

रात्री दोनला फोन येतो, "सर, पेशंट बरा वाटत नाही." मी विचारतो, म्हणजे काय? उत्तर येतं, "तसंच, बरा वाटत नाही." मी दिवसभर ओपीडी करून झोपलेला असतो. या वाक्यावर मी काय ठरवायचं? मला आकडे हवेत. ते नसतील तर सिस्टरची शंका खरी असूनही वाया जाते.

एक पद्धत मी आमच्याकडे लावली, तिला एसबार म्हणतात. मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली, तिथल्या रुग्णालयांनी ती उचलली. चार गोष्टी ओळीनं सांगायच्या. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं असं मला वाटतं. चौथं सांगायला सिस्टर घाबरतात. "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं" म्हणायला जीभ रेटत नाही. याला आम्ही डॉक्टर मंडळी जबाबदार आहोत, हेही कबूल करतो. एकदा फोनवर खेकसलं की ती मुलगी वर्षभर फोन करत नाही.

आता मला शिकवणारा प्रसंग. सहा वर्षांचा मुलगा, विंचू चावलेला. पाय फार दुखत नव्हता, रडतही नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो. सिस्टर म्हणाली, "सर, कपडे घामानं भिजलेत, हात बर्फासारखे गार आहेत आणि दोनदा उलटी झालीय. हा लाल विंचू आहे." ठणकणारा, आरडाओरडा करणारा पेशंट बहुतेक वेळा सुखरूप घरी जातो. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की हृदय आणि फुप्फुसं धोक्यात असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून हीच लक्षणं टिपली, १९८२ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्राझोसिनच्या गोळीनं कोकणातल्या किती मुलांचे जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी दिल्यावर आई पोराला उचलून खांद्याशी घ्यायला लागली. सिस्टरनं तिचा हात धरला, "उचलू नका, आडवाच राहू दे." पहिल्या डोसनंतर उभं केलं की बीपी धाडकन पडू शकतं. मी सांगायला विसरलो होतो, तिनं सांगितलं.

सुरंगी (मंगळवार, दुपारी ३.१०)

डॉक्टर, "बरा वाटत नाही" हे वाक्य अपुरं आहे, मान्य. पण ते खोटं नसतं. ते वाटलं की फोन करायच्या आधी पाच मिनिटं पेशंटपाशी थांबायचं आणि का वाटतंय ते शोधायचं. श्वास, घाम, हातपाय गार आहेत का, नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी होतं का, लघवी किती, बोलणं कालच्यासारखं आहे का. काहीतरी सापडतंच. आणि पाच मिनिटांत काहीच सापडलं नाही, तरी फोन करायचाच. तेव्हा तुम्ही खेकसायचं नाही, एवढी तुमच्याकडून अपेक्षा.

कलमांची बाग (मंगळवार, रात्री ८.५०)

मी नर्स नाही, देवगडकडे राहते. सासरे ८१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी डावी बाजू गेली, अंथरुणावरच असतात. मीच करते त्यांचं.

गेल्या मे महिन्यात ते वारलेल्या भावाशी बोलायला लागले. मला ओळखेनात. दिवसा झोप, रात्री बडबड. कुणी म्हणालं म्हातारपण, कुणी म्हणालं देवळात गाऱ्हाणं घाला. आम्ही घातलंही. मग उपकेंद्रातल्या सिस्टर दुसऱ्याच कामाला आल्या होत्या, त्यांना सहज सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, चार दिवस. त्या म्हणाल्या, "म्हातारचळ चार दिवसांत येत नाही. गोळ्या दाखवा, आणि जेवतात काय ते सांगा."

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. कुणीतरी मीठ बंद सांगितलं म्हणून मी महिनाभर अळणी पेज देत होते. वर उन्हाळा, घाम, आणि पाणी भरपूर पाजत होते. त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. सोडियम ११८ निघालं. १३५ च्या वर हवं असतं म्हणे. अ‍ॅडमिट केलं, हळूहळू भरून काढलं, गोळी बदलली. आठव्या दिवशी मला नावानं हाक मारली.

मला एवढंच विचारायचंय, अशी माणसं घरी सांभाळताना रोज काय बघायचं? आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून काय? आता पावसात चादरी वाळतच नाहीत.

सुरंगी (मंगळवार, रात्री १०.००)

त्या सिस्टरनी "कधीपासून" विचारलं, तिथेच निम्मं निदान झालं. वय झालेलं माणूस अचानक, दिवसा-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं करायला लागलं तर त्यामागे शरीरातलं काहीतरी असतं. सोडियम, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, साखर, तुंबलेली लघवी, चार-पाच दिवस शौचाला न होणं, नवी गोळी. आणि सोडियम इतकं खाली गेलं की ते हळूच वर आणावं लागतं, घाईत चढवलं तर मेंदूला इजा होते. म्हणून मीठ घालून घरी उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना.

पाठीचं सविस्तर सांगते.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू आणि कान बघा. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग हलला नाही तर जखम आतून सुरू झाली. पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते. माणसाला बोलता येत असेल तर तिथे दुखतं म्हणून सांगतो, ते ऐका.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा, नाहीतर खुब्यावर भार येतो. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतील. लाल जागेवर मालिश नको, आतले नाजूक पदर फाटतात. रबराच्या गोल रिंगवर बसवू नका, तिच्या कडांनी रक्त अडतं. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला.

पावसात ओल हा मोठा शत्रू. जाड चादर वाळत नाही म्हणून जुनी सुती लुगडी दुहेरी करून घाला, चुलीच्या उबेवर चटकन वाळतात. दमट लागणारं काही अंगाखाली नको. आणि पेजेवर माणूस जगतो पण जखम भरत नाही. अंडं, मासा, मुगाचं कढण, जे पचेल ते रोज द्या.

फुरसं नव्हे मी (बुधवार, सकाळी ६.२०)

नाव मित्रांनी पाडलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात स्टाफ ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. रात्रपाळी संपवून लिहितोय.

आमच्याकडे फुरसं आणि घोणस चावलेले पेशंट येतात. विषानं रक्त गोठायचं थांबलंय का, यासाठी २० मिनिटांची साधी चाचणी असते. २ मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर विष चढलेलं. ऐकायला सोपी, पण सगळं नळीवर अवलंबून. नळी साबणानं धुतलेली असली की निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही. प्लास्टिकची चालत नाही. पाच मिनिटांनी कुणी उत्सुकतेनं हलवून बघितली की झालं. या चुकीच्या उत्तरावर गरज नसताना दहा बाटल्या प्रतिविष चढतं, आणि त्याची रिअ‍ॅक्शन जीव घेऊ शकते. म्हणून आमच्या वॉर्डात नव्या नळ्या वेगळ्या डब्यात, डब्यावर माझं अक्षर: "याला हात लावू नये." प्रतिविष सुरू करायच्या आधी अ‍ॅड्रेनालिन (अशा रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवतो आणि पहिली १५ मिनिटं पेशंटपाशी उभा राहतो. खाज, अंगावर पित्तासारखी गांधी, घोगरा आवाज, काहीही दिसलं की आधी सलाईन बंद.

मण्यारीचं वेगळं. पहाटे पोटात दुखतं म्हणून येतात, जमिनीवर झोपलेले असतात, चावल्याची खूण दिसतच नाही. पापण्या जड दिसल्या की मी आधी विचारतो, रात्री कुठे झोपला होतात?

शिकवणारी (बुधवार, संध्याकाळी ५.४५)

नर्सिंग कॉलेजात शिकवते. वरच्या सगळ्या गोष्टी मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले. शास्त्राचं ज्ञान, कलेचं, स्वतःला ओळखण्याचं आणि नीतीचं. मुलींना हे पाठ असतं, पण वॉर्डात दिसत नाही. तीस मिली लघवी हे शास्त्र. पोटरीला हात कसा लावायचा ही कला. "मी डॉक्टरांना घाबरते म्हणून फोन टाळतेय" हे ओळखणं तिसरं. आणि तरीही फोन करणं चौथं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. त्यातही एक मेख आहे. तज्ज्ञ सिस्टरला पायऱ्या दिसेनाशा होतात, तिला एकदम चित्रच दिसतं, म्हणून तिला ते दुसऱ्याला शिकवता येत नाही. सुरंगीताईंनी ते चित्र परत सुटं करून दाखवलं, हे अवघड काम आहे.

पण खाडीकाठचे २८ पेशंट मी विसरू शकत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. कालच्याशी आज ताडून बघायला काल त्या माणसाकडे बघितलेलं असावं लागतं. २८ जणांत ते होत नाही. हे मी दरवर्षी निवेदनात लिहिते आणि लिहीत राहणार.

चाकरमानी दादर (गुरुवार, रात्री ९.१५)

सुरंगीताई, आई वेंगुर्ल्याला एकटी असते, ७४ वर्षांची, डायबेटिस आहे. मी रोज फोन करतो. "बरी आसंय" यापलीकडे काही सांगत नाही. फोनवरून काय कळू शकतं?

सुरंगी (गुरुवार, रात्री १०.३०)

बरंच. "बरी आहेस का" विचारूच नका. आज काय रांधलंस, कुणाकडे गेली होतीस, तुळशीला पाणी घातलंस का, हे विचारा. रोज मासळीवालीशी घासाघीस करणारी बाई "भाजी होती कालची" म्हणाली की नोंद घ्या. एका आठवड्यात दोनदा म्हणाली तर शेजाऱ्यांना पाठवा.

साखरेची गोळी कुठली चालू आहे ते बघून घ्या. काही गोळ्या उपास असला तरी साखर पाडत राहतात. साखर पिऊन बरं वाटलं तरी काही तासांनी परत उतरते, म्हणून अशा वेळी रात्री एकटं ठेवायचं नाही. चतुर्थी-एकादशीला गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि डायबेटिसवाल्या बाईला हार्ट अ‍ॅटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. "गॅस झालाय, घाम आलाय, दम लागतोय", एवढंच सांगेल. त्यावर लिंबू-सोडा नको, ईसीजी.

खाडीकाठ (रविवार, सकाळी ८.१०)

काल रात्रीचं सांगते. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले काका तळमळत होते, अंगावरची चादर भिरकावत होते. पूर्ण मिनिट मोजलं, श्वास ३०. नाडी ११८. सरांना फोन केला, चारही गोष्टी सांगितल्या, चौथीही. सर आले. पोट बघितलं तर नारळासारखं कडक. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केल्यावर ८०० मिली लघवी आली, काका घोरायला लागले. नळी मी आधी बघायला हवी होती.

दाभोळ बंदर (रविवार, सकाळी ९.००)

तरीही फोन बरोबरच होता. ऑपरेशननंतर नळीत रक्ताची गुठळीही अडकू शकली असती.

सुरंगी (रविवार, सकाळी ९.२०)

पुढच्या वेळी डोक्यापासून पायापर्यंत एकच वाट धर. तोंड, छाती, सलाईनची सुई, पोट, नळी, पिशवी, पाय. अर्धं मिनिट लागतं.

काकांचा श्वास सकाळी किती होता?

खाडीकाठ (रविवार, सकाळी ९.३५)

१७. मनगटावरून बोटं न काढता.